सगळे वेदात आहे, सगळे धम्मात आहे

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात मी भाषण ठोकले. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाने विज्ञानावर किती बोलावे याला मर्यादा असते, ती मी पाळली नाही. आइन्स्टाइनने 1905 साली प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा केला, प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो असे सांगितले; पण हे क्षणाक्षणाला बदलणारे जग तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असे मी म्हणालो. टाळ्या पडल्या. खीर वाटताना आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी जवळ आली. एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकते. म्हणाली, "दादा, मग हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, ते कुठल्या सुत्तात आहे?"

मला उत्तर आले नाही. 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट, असे तिनेच सांगितले.

नंतरच्या चार-पाच संध्याकाळी ती शिकवत होती आणि मी शिकत होतो. मला जेवढे समजले तेवढेच सांगतो. प्रकाशाची एक पुडी एका इलेक्ट्रॉनला भिडते. पुडीतली ऊर्जा उंबरठ्यापेक्षा कमी असेल, तर साधारण प्रकाशात अशा लाखो पुड्या येऊनही तो हलत नाही. पुरेशी असेल तर एकच पुडी त्याला बाहेर काढते. (इथे माझ्या जिभेवर लगेच सामाजिक रूपक आले होते. तिने डोळे वटारले, मी गप्प बसलो.)

हा झाला एकट्या अणूचा हिशेब. ताऱ्याच्या तापलेल्या प्लाझ्मात अणू एकटा नसतो. धडका खाऊन काही अणूंमधला इलेक्ट्रॉन आधीच वरच्या पातळीवर चढलेला असतो. हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीवरून त्याला सोडवायला 3.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. काही अणूंनी इलेक्ट्रॉन केव्हाच गमावलेले असतात. म्हणजे तारा प्रकाश किती अडवतो हे काढायचे, तर किती अणू कोणत्या अवस्थेत आहेत हे आधी कळायला हवे. त्याचे समीकरण 1920 साली कलकत्त्याच्या एका तरुणाने मांडले. त्याचे नाव मेघनाद साहा.

साहा ढाक्याजवळच्या शेवरातली गावातल्या किरकोळ दुकानदाराचे पोर. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंगतीला बसून जेवायला हरकत घेतली होती. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे समीकरण असते, ही पंगत नसते. आपल्याकडेही दामोदर खोऱ्याचा विषय निघाला की बाबासाहेबांचे नाव येते आणि तिथेच थांबते. 1943 च्या पुरानंतर बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते, आणि त्याच खोऱ्याच्या योजनेच्या परिषदा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले श्रमसदस्य म्हणून बाबासाहेबांनी घेतल्या.

पण मला झोंबला तो साहांनीच लिहून ठेवलेला एक प्रसंग. ढाक्यातल्या एका नामांकित वकिलाने त्यांना संशोधनाबद्दल विचारले. साहा उत्साहाने सांगू लागले. वकीलसाहेब मधूनमधून म्हणत, यात नवीन काय, हे सगळे आपल्या वेदात आहेच. वेदात नेमके कुठे, असे साहांनी विचारले. उत्तर मिळाले की वेद मी वाचलेले नाहीत, पण तुम्ही जे नवे म्हणता ते त्यात असणारच. साहांनी पुढे ग्रंथ खरोखर चाळले आणि तसले काही सापडले नाही असे रोखठोक लिहिले.

हे वाचताना मी त्या वकिलाला हसत होतो. मग विहारातला माईक आठवला. मी तरी वेगळे काय केले होते? त्रिपिटक मी कुठे पुरते वाचले आहे? कालाम सुत्ताचे नाव भाषणात घ्यायचे आणि त्याच भाषणात ग्रंथाच्या नावावर विज्ञान खपवायचे, हा धम्माचा गौरव नव्हे. वकिलाचीच सवय आपण उचलली, फक्त पोथी बदलली. ब्राह्मणी छद्मविज्ञानावर मी इथे अनेकदा तुटून पडलो आहे. ते लेख मागे घेत नाही, पण माझी ही चूक त्यांच्या शेजारी नोंदवून ठेवतो.

शिवाय काम संपलेलेही नाही. 1984 पासून मायकेल सीटन यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी अणूंचे हे हिशेब संगणकावर नव्याने केले. तरीही 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत लोहाचा प्लाझ्मा सुमारे 20 लाख अंशांपर्यंत तापवला, तेव्हा काही तरंगलांबींना त्याने सिद्धांतापेक्षा 30 ते 400 टक्के जास्त प्रकाश अडवला. प्रयोग चुकला की हिशेबात काही राहून गेले, यावर वाद झाला. ही मुलगी पीएच.डी.ला असलाच हिशेब करू म्हणते. घरचे म्हणतात, बी.एड. कर, नोकरी लागेल. वडील बिगारी काम करतात, त्यांना चूक कसे म्हणू? पण शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतील याची खात्री नसताना सिद्धांतात पाच वर्षे घालवायची मुभा कोणाच्या पोरांना असते, हा प्रश्न तर माझ्याच विषयातला आहे. त्यावर मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती.

आम्ही दोघांनी मिळून तिचा अर्ज भरला आहे. जातपडताळणीचे प्रमाणपत्र अजून यायचे आहे.