अवतरणचिन्ह आणि लॉगिनचं कुलूप

मंडळी, या वीकेंडला थोडं कामाचं लिहितो. विषय जुना आहे, पण मेलेला नाही.

सुट्टीत डहाणू रोडला घरी गेलं, की गावातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून आपल्या गळ्यात काही ना काही पडतंच. कुणाचा प्रिंटर, कुणाचं आधार लिंक. मागच्या खेपेला एका मित्राने एका पतपेढीच्या साईटची तक्रार आणली. म्हणाला, "बाकी सगळ्यांचं लॉगिन होतं, फक्त डिमेलो, डिसोझा मंडळींचं होत नाही. वर कसलातरी इंग्रजी एरर येतो. त्यांना आडनावातली ती खूण टाकू नका असं सांगून टाकू का?"

आता आमच्या भागात, म्हणजे पार वसईपर्यंत, इंग्रजीत ती खूण घालून आडनाव लिहिणारे पुष्कळ. त्यांनी नाव बदलायचं की साईटने सुधारायचं? आणि खरं सांगायचं तर ती तक्रार नव्हतीच, धोक्याची घंटा होती.

झालं काय होतं, ते सांगतो. आत डेटाबेसला असा हुकूम जायचा: युजर्सच्या टेबलातून ती ओळ दे, जिथे नाव = '...' आणि पासवर्ड = '...'. टिंबांच्या जागी आपण टाईप केलेलं जसंच्या तसं चिकटवलेलं. डी नंतर ती खूण आली, की डेटाबेसला वाटतं नाव तिथेच संपलं. उरलेलं 'मेलो' त्याला कळत नाही, म्हणून एरर.

डिमेलो बिचारे चुकून अडकतात. बदमाष मुद्दाम अडकवतो. नावाच्या चौकटीत त्याने अॅडमिन'-- एवढंच टाकलं आणि पुढे एक स्पेस दिली, की बऱ्याच डेटाबेसमध्ये दोन रेघांच्या पुढचं सगळं शेरा ठरतं. म्हणजे पासवर्डची अटच गायब! टेबलात अॅडमिन नावाचा युजर असला, की दार उघडं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ च्या डिसेंबरात 'फ्रॅक' या मासिकात याबद्दल जाहीरपणे लिहिलं गेलं होतं.

इतकं जुनं, मग आता कोण फसतं? ब्रिटनची टॉकटॉक ही टेलिफोन कंपनी २०१५ साली याच वाटेने फुटली. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी चार लाख पौंड दंड झाला. २०२३ मध्ये मूव्हइट या फाईल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच भोक सापडलं आणि जगभरच्या संस्था पोळल्या. तिथे निदान मोठ्या टीम तरी होत्या. गावच्या पतपेढीत चिकूवाल्याची, मास्तरांची, रिक्षावाल्याची आयुष्यभराची जमा आणि मोबाईल नंबर असतात. तिथे फुटलं तर पेपरात चार ओळीही येणार नाहीत.

उपाय सोपा आहे. रेल्वेचा रिझर्व्हेशन फॉर्म आठवा. नावाच्या रकान्यात तुम्ही 'याला फुकट तिकीट द्या' असं लिहिलंत, तर क्लार्क तिकीट देत नाही. तो फार तर तुमचं नावच तसं आहे असं समजेल. छापील मजकूर हा हुकूम, रकान्यातली ती फक्त माहिती. पॅरामीटराइज्ड क्वेरी नेमकं हेच करते. हुकूम आधी ठरतो, माहिती वेगळी जाते. मग डिमेलोही आत येतात आणि बदमाष बाहेर राहतो. पीएचपीची जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स तर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. पीडीओ वापरा, जावा असेल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट. मात्र टेबलाचं किंवा कॉलमचं नाव असं बांधता येत नाही. ते आपल्याच ठरलेल्या यादीतून घ्या. ओआरएम वापरतो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण त्यातही कुणीतरी कच्ची क्वेरी हाताने जोडलेली सापडते.

बाकीचं झटपट. पासवर्ड क्वेरीत तपासूच नका. नावावरून ओळ आणा आणि बीक्रिप्ट किंवा आर्गॉनचा हॅश कोडमध्ये ताडून पहा. साईटच्या डेटाबेस खात्याला टेबल उडवायचा अधिकार देऊ नका. एररचा तपशील लॉगमध्ये जाऊ दे, पडद्यावर नको. आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या तपासणीवर विसंबू नका, ती कुणीही बंद करतो.

एक इशारा. हे वाचून दुसऱ्याच्या साईटवर प्रयोग करायला जाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ तुमची वाट बघत आहेत. लेखी परवानगी घ्या, नाहीतर आपल्या लॅपटॉपवर कॉपी करून बघा. मित्राकडून मी तेच करवून घेतलं. कोड त्यांच्याकडेच होता. त्या दुपारी आम्ही मिळून अकरा क्वेऱ्या बदलल्या.

सोमवारी ऑफिसात पोचलात की चहाच्या आधी आपल्या कोडमध्ये अधिकचं चिन्ह लावून जोडलेली क्वेरी शोधा. एक तरी सापडेल, पैज लावतो. :)