केळीच्या आत कोण झोपलंय!

घरात केळं आहे ना? मग आणा! सुरी घ्या आणि आडवं कापा! मधोमध बारीक काळे ठिपके दिसले? ते बी आहे हो! म्हणजे, बी व्हायचं राहून गेलेलं बी! इतकी वर्षं केळी खातेय आणि हे मला परवा कळलं, आणि तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाहीये!

आधीच सांगते, मी शेतकरी नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. झालं असं, की वसईहून आत्यानं सुकेळी पाठवली आणि ती खाता खाता मी राजेळीबद्दल, म्हणजे ज्या केळ्यांची सुकेळी करतात त्यांच्याबद्दल, वाचायला बसले आणि मग आणखी वाचलं आणि मग रात्रीचे दोन वाजले आणि मग मी ह्यांना गदागदा हलवून उठवलं, "अहो, केळीच्या आत विषाणू झोपलेला असतो!"

खरंच असतो! ऐका तर. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांचे पूर्वज म्हणजे दोन रानकेळी. एक अक्युमिनाटा, दुसरी बाल्बिसियाना. ही बाल्बिसियाना भारी चिवट! पाणी तुटलं तरी तग धरते! राजेळीत दोन वाटे अक्युमिनाटाचे, एक वाटा बाल्बिसियानाचा. (जळगावच्या ग्रँड नैनमध्ये मात्र तिन्ही वाटे अक्युमिनाटाचेच.) आणि वाटे तीन, म्हणून गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून बी धरत नाही, म्हणून ते ठिपके! हे उमगलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या!

आता श्वास रोखा. फार फार पूर्वी एका विषाणूची अख्खी जनुकं बाल्बिसियानाच्या डीएनएत शिरली आणि तिथंच राहिली! स्ट्रीक विषाणू म्हणतात त्याला. एरवी तो गप्प असतो. पण ऊन तापलं, पाणी आटलं, झाड कासावीस झालं की उठतो! पानांवर पिवळ्या रेघा, मग त्या काळपट, घड बारीक. बाहेरून कुणी आणायला नको, तो घरातच आहे! म्हणजे ज्या वाट्यामुळे केळ दुष्काळात तगते, त्याच वाट्यात दुष्काळात जागा होणारा हा! ही ओळ मी चारदा वाचली. उन्हाळे असे चढत चाललेत, चिवट जाती आत्ताच हव्यात, आणि नव्या जाती करणारे नेमके बाल्बिसियानाला हात लावायला कचरतात, कारण संकरातून हा पाहुणा उठून बसतो!

आणि मग नैरोबी! तिथे आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत लीना त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी काम करतात. त्यांनी पूर्व आफ्रिकेतलं एक भाजीचं केळं घेतलं, गोंजा मंजाया. (मोठ्यानं म्हणून बघा! गोंजा मंजाया!) त्याच्या पेशींत त्यांनी क्रिस्पर नावाची जनुकांची कात्री सोडली. ही कात्री मुळात जिवाणूंची, बरं का! विषाणू अंगावर आला की जिवाणू त्याला ह्याच कात्रीनं कापतात! तर ती कात्री बरोबर झोपलेल्या विषाणूच्या जनुकांवर जाऊन बसली आणि तिनं डीएनए कापला आणि मग पेशीनं घाईघाईत टाके घातले आणि टाके घालताना अक्षरं चुकली आणि मग त्या जनुकांचा अर्थच लागेना, म्हणजे विषाणूनं उठायचं म्हटलं तरी उठता येईना! आणि मग ह्या पेशींपासून रोपं वाढवली आणि त्यांना मुद्दाम पाण्यावाचून ठेवलं. ७५ टक्के रोपांवर रोगाचं लक्षण नाही! शंभरातली पंचाहत्तर, तहानलेली आणि तरीही ठीक! हे २०१९ साली छापून आलंय आणि मला कुणी सांगितलंच नाही!

एक अडचण राहिलीय, तीही सांगायला हवी. कात्री रोपातच राहते. दुसऱ्या पिकांत बियांवाटे पुढची पिढी करतात आणि कात्री नसलेली रोपं निवडून घेतात. पण केळीला बी कुठंय! पुन्हा तेच काळे ठिपके आडवे आले! म्हणून आता तयार कात्री पेशीत सोडायची, तिनं काम उरकायचं आणि तिथंच विरून जायचं, अशी खटपट चाललीय. मला हे जमायला हवंय हो! अगदी मनापासून हवंय! पूर्व आफ्रिकेत कितीतरी घरांत केळं म्हणजे मधल्या वेळचं खाणं नव्हे, जेवणच आहे.

सकाळी सात वाजता आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, तुझ्या परसातल्या राजेळीला गेल्या उन्हाळ्यात पानांवर पिवळ्या रेघा आल्या होत्या का गं?"

"रेघा? थांब हं, बघून येते."

तिनं फोन तसाच ठेवला आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी केव्हाची फोन कानाला लावून उभी आहे!