यादीत न आलेल्या जागा

शहरात नवी घरे कुठे बांधायची हे महापालिकेच्या सभेत ठरते, असा बहुतेकांचा समज असतो. नगररचनेच्या कामात आयुष्य गेल्यावर मी खात्रीने सांगते, की सभेपुढे विषय येतो तेव्हा खरे ठरवायचे ते ठरून गेलेले असते. कोणत्या जागांचा विचार करायचा, ती यादी आधीच तयार असते. जी जागा यादीतच आली नाही, तिच्यावर कधी मतदान होत नाही, तिच्याबद्दल कुणी भांडतही नाही.

पुण्यापुरते बोलते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. घाईची वेळ होती, तरी जागांची निवड चांगली झाली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, महर्षीनगर हे भाग तेव्हा गावाबाहेरचे वाटत, पण मंडईत किंवा लक्ष्मी रस्त्यावर कामाला जाणारा माणूस तिथून सायकलने पोचू शकत होता. गोखलेनगरात अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात त्यांत बसवत नसे. पण जागा उंचावर होती, गावाला धरून होती, म्हणून लोक तिथेच टिकले आणि पुढच्या पिढीने पक्की घरे बांधली. घर वाईट असेल तर ते पाडून नवे बांधता येते; चुकीच्या जागेला तसा उपाय नसतो.

आज जागांची यादी ठरते ती शहराच्या विकास आराखड्यात. तो करताना आधी अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा होतो. गट नंबरानुसार कुठे वस्ती, कुठे कारखाना, कुठे शेती, हे रंगांनी भरले जाते. मग लोकसंख्येचा अंदाज बांधून आरक्षणे पडतात: शाळा, दवाखाना, बाग, भाजी मंडई, अग्निशमन केंद्र, रस्ते. ‘बेघरांसाठी घरे’ हेही एक आरक्षण आहे. कार्यालयात आम्ही त्याला ‘एचडीएच’ म्हणतो. माझ्या अनुभवात त्याची पाळी शेवटी येते. रस्त्यालगतचे, सपाट, चौकोनी भूखंड एव्हाना संपलेले असतात. उरतो तो ओढ्याकडेचा तिरपा तुकडा, नाहीतर विजेच्या मोठ्या तारांखालचा पट्टा. आणि ते आरक्षण तरी कुठे टिकते? नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो. पुढच्या २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. घरांच्या जागा अशा गुपचूप निसटतात.

जागा पाहायला जाताना मी जुना गाव नकाशा बरोबर ठेवते. त्यावर ओढा बारीक दुहेरी रेघेने दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तिथे कंपाउंडची भिंत दिसते, आणि भिंतीच्या बुडाशी सिमेंटचा एक पाइप. मग शेजारच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची खूण शोधायची, गटाराचा उतार बघायचा, आणि तिथे पूर्वापार राहणाऱ्या एखाद्या आजींना विचारायचे, की पावसाळ्यात पाणी कुठल्या पायरीपर्यंत येते. त्यांचे उत्तर सहसा खरे निघते. आंबील ओढ्याचेच पाहा. त्याचा प्रवाह पेशवाईत वळवला होता. कात्रजच्या डोंगरातले पाणी तो अजून आणतोच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने ते एकदम आणले. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा आपल्या नकाशांवर असतात. जागांची यादी करायला बसलेल्या माणसाने त्या आधी पाहायला हव्यात, इतकी साधी ही गोष्ट आहे.

पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे अंतर. पंतप्रधान आवास योजनेत महापालिकेने हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्दला घरे बांधायला घेतली. कोथरूडला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सोडतीत खराडीचे घर लागले, तर त्यांनी कामे सोडायची की घर? दुसरीकडे, भरल्या वस्तीत महापालिकेच्या ताब्यात अ‍ॅमेनिटी स्पेस आहेत. मोठे लेआउट मंजूर करताना मिळालेले हे भूखंड. २०२१ मध्ये ते दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला, त्यावर मोठा वाद झाला. बागा, दवाखाने हवेतच. पण यांतल्या काही जागांवर लहान घरे बसतील का, हा प्रश्न निदान मांडला जायला हवा होता.

तो मांडणार कोण? महापालिकेच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. नगरसेवक आणि सरकारनियुक्त तज्ज्ञ यांच्या नियोजन समितीत एकमत झाले नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला, मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे निम्मी मुदत कागदावरच संपली. सुनावण्यांना मी बसले आहे. येणारा माणूस सातबारा पुढे ठेवतो आणि म्हणतो, माझ्या जमिनीवरचे आरक्षण उठवा. तो त्याचा हक्क आहे. पण ज्यांना घर हवे असते त्यांच्याकडे सातबाराच नसतो, त्यामुळे ‘इथे घरांचे आरक्षण का नाही’ असे विचारणारा त्या खोलीत क्वचितच येतो.

म्हणून माझी मागणी एकच आहे. आराखड्याबरोबर महापालिकेने नाकारलेल्या जागांचीही यादी छापावी. सार्वजनिक मालकीचा प्रत्येक मोठा भूखंड, आणि त्यापुढे घरांसाठी तो का घेतला नाही याचे एका ओळीतले कारण: पूररेषेत, उतारावर, दाव्यात, किंवा दुसऱ्या गरजेसाठी राखलेला. कारण लिहावे लागले की विचार करावा लागतो, आणि ते खोटे असेल तर आजूबाजूच्या लोकांना लगेच कळते. नव्या गावांसाठी तर हे फारच निकडीचे आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, त्या काळात घरांच्या जागांबद्दल विचारायला सभागृहही नव्हते. या नव्या गावांत अजून मोकळी जमीन आहे. नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली त्यांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की आपल्या भागाचा नकाशा मिळवा. त्यावर ‘एचडीएच’ शोधा. नसेल, किंवा ओढ्यावर पडले असेल, तर तसे साध्या कागदावर लिहून द्या, जुन्या गाव नकाशाची प्रत जोडा आणि पोच घ्या. हरकत घ्यायला जमीन आपल्या नावावर असावी लागत नाही.