लाकडी वाघिणी

मराठी भाषेने रेल्वेच्या परकीय शब्दांना जी रूपे दिली, त्यांत मला सर्वांत प्रिय असलेला शब्द म्हणजे ‘वाघीण’. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ हमालांच्या, हुंडेकऱ्यांच्या आणि आडत्यांच्या जिभेवर घोळता घोळता वाघीण झाली आणि व्यापाऱ्यांच्या पत्रांत निर्धास्तपणे वावरू लागली. ‘आज दोन वाघिणी भरल्या’ हे वाक्य आमच्या घरी पावसापाण्याच्या गोष्टीइतक्या सहजतेने बोलले जाई. गेली सहा वर्षे मी या वाघिणी लाकडात घडवतो आहे. निवृत्तीनंतरचा हा छंद अनेकांना नवलाचा वाटतो. काहींना तो पोरखेळही वाटतो. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, ते मुख्यतः एका कारणासाठी. ते कारण ओघात येईलच.

आमचे घराणे बार्शीचे. वडिलांची धान्याची आडत होती. तूर, ज्वारी, करडई यांची पोती बाजारातून निघत, हुंडेकऱ्याच्या गाडीतून स्टेशनच्या मालधक्क्यावर जात आणि तेथून बार्शी लाईट रेल्वेच्या वाघिणींत चढत. ही रेल्वे म्हणजे आमच्या भागाचे भाग्य होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १८९७ साली बार्शी आणि आजचे कुर्डुवाडी यांच्यामध्ये ती सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा तिचा विस्तार होत गेला. एकूण लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाली. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे रूंद रुळांत रूपांतर झाले आणि अडीच फुटी रूळ उखडले गेले. ज्या वर्षी गाडी मिरजेला पोहोचली, त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारले. याच गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली होती, हे वाचून मला मोठे आश्चर्य वाटले होते.

कॅलथ्रॉप यांचा विचार मोठा सुबोध होता. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नको. भार सर्वत्र सारखा वाटला गेला, तर हलके रूळही पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. वाघिणीचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादाचा, लांबीला २५ फूट आणि रुंदीला ७ फूट. स्वतःचे वजन कमी, म्हणजे माल अधिक. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो.

मी प्रतिकृतीसाठी एकास चोवीस हे प्रमाण निवडले. ७६२ ला २४ ने भागले की पावणेबत्तीस मिलिमीटर येतात आणि ३२ मिलिमीटर अंतराचे तयार रूळ छंदिष्टांसाठी मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. या प्रमाणात २५ फुटांची वाघीण ३१७.५ मिलिमीटर लांब आणि साधारण ८९ मिलिमीटर रुंद होते, म्हणजे शाळेतल्या एक फुटी पट्टीपेक्षा किंचित लांब. साडेपाच फुटी हमाल सात सेंटिमीटरांचा होतो. वजनाचे गणित मात्र निराळे आहे. लांबी चोवीसपटीने घटली, तर वजन चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी घटते. चार आसांची, वीस टन भाराची भरलेली वाघीण या हिशेबाने जेमतेम दीड किलोची होते. नुसत्या लाकडाची वाघीण त्याहून फारच हलकी असते आणि वळणावर रूळ सोडते. म्हणून तळाच्या फळीखाली, दिसणार नाही अशा जागी, मी लोखंडी पट्टी बसवतो. वजन जितके खाली, तितकी चाल स्थिर.

मूळ वाघीण पोलादाची, मग प्रतिकृती लाकडाची का, असे मला नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे. लाकूड घरातल्या टेबलावर, शेजाऱ्यांची झोप न मोडता, हातकरवतीने कापता येते. शिवाय ते चूक पोटात घालते. एक पट्टी बिघडली तर दुसरी कापता येते. पण सर्वच लाकडे या कामाची नव्हेत. सागवान टिकाऊ खरे, परंतु त्याचे तंतू जाड. चोवीसपटीने लहान केलेल्या वाघिणीवर ते तंतू दोरखंडासारखे दिसतात. त्याच्यात तेलही असते, म्हणून सांधा चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. मला हळदूचे लाकूड मानवले. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे. सुताच्या गिरण्यांत लागणाऱ्या बॉबिनी पूर्वी त्याच्या होत. एका जुन्या वखारीत पडून असलेले तुकडे मला मिळाले आणि त्यांवर माझ्या पहिल्या दोन वाघिणी झाल्या.

लाकडाचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, परंतु तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. जे काही फुगणे-आकसणे आहे, ते आडव्या दिशेने. म्हणून तळ एका रुंद फळीचा करू नये. अरुंद पट्ट्या शेजारी-शेजारी लावाव्यात आणि खाली आडवे कैचीसारखे आधार द्यावेत. पोलादी पत्र्याचा भास मात्र लाकडाने होत नाही. पाव इंच जाडीचा पत्रा या प्रमाणात पाव मिलिमीटरचा होतो. तेथे मी जाड कागद वापरतो. बोथट सुईने मागून टोचले की पुढे रिवेटची टिकली उठते. एका बाजूला अशा शेकडो टिकल्या येतात. त्या पट्टीवर मोजून सारख्या अंतरावर काढाव्या लागतात. एका बैठकीत चाळीसपेक्षा अधिक काढू नयेत, असा माझा नेम आहे. त्यापुढे लक्ष ढळते आणि ओळ वाकडी जाते.

चाकांचे दोन गाडे, म्हणजे बोगी, बसवतानाही एक युक्ती आहे. चारही कोपरे पक्के केले, तर रूळ किंचित उंचसखल असताच एक चाक अधांतरी राहते. म्हणून एक गाडा फक्त मध्यखिळीवर फिरेल आणि आडवा डोलणार नाही असा बसवावा. दुसऱ्याला डोलण्याची मोकळीक द्यावी. मग वाघीण तीन बिंदूंवर उभी राहते, आणि तिपाई कधी डगमगत नाही हे आपण घरोघरी पाहतोच.

आपल्या मासिकाच्या वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट येथेच नोंदवतो. सुतारकामाच्या जुन्या पद्धतीत सांध्यासाठी सरस वापरतात. तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून उकळून काढलेला असतो. लाकडावर चकाकी आणण्यासाठी जी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून फिरवतात, ती लाखेच्या किड्यांपासून येते. माझ्या पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानदाराने दोन्ही वस्तू माझ्यासमोर ठेवल्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “हे कशाचे बनवतात?” त्या एका प्रश्नाने काम सोपे झाले. बाजारातला पांढरा कृत्रिम गोंद सरसापेक्षा सोयीचा निघाला आणि चपडीच्या जागी पाण्यात मिसळणारे कृत्रिम रोगण चालले. पोखरलेल्या लाकडाचा तुकडा मात्र मी घरी आणीतच नाही. त्यात जे राहतात त्यांचे ते घर आहे.

आता मूळ कारणाकडे येतो. कोणत्याही प्रतिकृतीसाठी आराखडा लागतो. लांबी, रुंदी, आसांवरील भार ही माहिती पुस्तकांत मिळाली. परंतु दरवाजाची कडी कोठे होती, आतून काय दिसे, धक्का आणि तळ यांच्यात किती अंतर राही, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. माझ्याजवळ घरचे एक छायाचित्र आहे. त्यात वाघिणीपुढे वडील उभे आहेत आणि नेमका दरवाजा त्यांच्या पाठीमागे झाकला गेला आहे. मी लहान होतो. धक्क्यावर जाण्याची मला मुभा नव्हती. तेथे रोज जात असत ते माझे थोरले बंधू, आमचे अण्णा. विशीत असताना पोती मोजून भरून घेणे, चिठ्ठी लावणे, बिल्टी घेऊन वडिलांच्या हाती देणे, ही सारी कामे त्यांच्याकडे होती. कुर्डुवाडीला अरुंद रुळांवरचा माल मोठ्या गाडीत चढवला जाई. तेथे पोती फाटू नयेत म्हणून ते कधीकधी मालाबरोबर स्वतः जात.

अण्णांचे वय आता एक्क्याऐंशी. गेल्या तीन वर्षांपासून त्यांना विस्मृतीने ग्रासले आहे. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितले की, जे गेले ते परत येणार नाही आणि जे आहे तेही हळूहळू जाईल. त्या दिवसापासून माझा छंद हा केवळ छंद उरला नाही. वाघिणीचा एकमेव आराखडा माझ्या भावाच्या मनात होता आणि तो रोज थोडा थोडा पुसला जात होता.

मी एक वही केली. दर रविवारी दोनच प्रश्न. अधिक विचारले की ते कावरेबावरे होतात. सुरुवातीला उत्तरे भरभरून आली. धक्का व वाघीण यांच्यामध्ये फळी टाकावी लागे आणि पावसात ती घसरडी झाली की तिच्यावर राख पसरीत. वाघिणीत सर्वांत आधी कोपऱ्यांतली पोती लागत, कारण मध्ये ढीग केला तर वळणावर तो सरके. हमाल पोते पाठीवर घेताना जो हुंकार देत, तो अण्णांनी मला करून दाखवला आणि आम्ही दोघेही हसलो. पुढे उत्तरे आखूड झाली. गेल्या चैत्रात मी कडीविषयी विचारले, तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तुम्ही कोणाकडचे?”

मी वही मिटली. टेबलावर अर्धवट वाघीण होती. बाजू लागल्या होत्या, दरवाजा होता, कडी नव्हती. काही न बोलता मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, तळ पाहिला, चाक बोटाने फिरवले. मग उजव्या हाताचे दोन बोटे दरवाजाच्या डाव्या अंगाला, मध्यापेक्षा थोडी खाली टेकली आणि त्यांनी काहीतरी वर उचलून बाजूला सारल्याची हालचाल केली. पुन्हा तीच केली. तिसऱ्यांदाही तीच. मी पेन्सिलीने तेथे खूण केली. जे शब्दांतून निघून गेले होते, ते बोटांत राहिले होते. त्या खुणेवर आज पितळी तारेची कडी आहे. ती वर उचलावी लागते आणि मग बाजूला सारावी लागते.

आजवर चार वाघिणी पूर्ण झाल्या. पाचवी उघडी आहे, कोळशाची. अण्णांना माझे नाव आठवतेच असे नाही, परंतु वाघीण समोर ठेवली की ते विचारतात, “भरली का?” मी म्हणतो, “भरतो आहे, अण्णा.” त्यावर ते मान डोलावतात आणि स्वस्थ होतात. माझी नात शिवणाच्या डब्यातील गोणपाटाचा तुकडा घेऊन साडेचार सेंटिमीटरांची पोती शिवते. त्यांत ती राळे भरते, कारण त्या पोत्यांत तूर फारच मोठी दिसते. अण्णा ती पोती कोपऱ्यापासून लावतात. मध्ये ठेवलेले पोते ते उचलतात आणि कोपऱ्यात सरकवतात.

वाचकांपैकी अनेकांची घराणी बार्शी, लातूर, पंढरपूर, कुर्डुवाडी, मिरज या वाटेवरची असतील. आपल्या माळ्यावर जुन्या चोपड्या, बिल्ट्या, मालधक्क्यावरची छायाचित्रे असतील. ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. छायाचित्रामागे नाव, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी ते काम स्वतः केले, ते घरात असतील, तर प्रश्न आजच विचारावेत, एका वेळी दोनच. उत्तर शब्दांत येत नसेल, तर वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि त्यांची बोटे कोठे जातात ते पाहावे.