ताक आणि लोणचे

बिअरचे नाव काढले की आपल्याकडे आधी खिडक्या लावून घेतात. हाँगकाँगला दोन वर्षे काढलेल्या माणसाला मात्र तेवढा धीर येतो. त्या शहराने २००८ साली बिअरवरचा कर पार उठवला. मग देशोदेशीच्या बाटल्या तिथल्या दुकानांत दाटीवाटीने येऊन बसल्या. खरी पंचाईत इथून पुढे!

युरोपातली फिकट, नाजूक बिअर आठवडेच्या आठवडे समुद्रावर तापत येते. उष्म्याने आणि काळाने हॉप्सच्या फुलांचा सुगंध विरतो. हिरव्या बाटलीला उजेड लागला की वासही बिघडतो. तपकिरी बाटली तो पुष्कळसा अडवते. म्हणून मी लेबलाचा थाट सोडून तारीख आधी वाची, आणि दर्शनी काचेतली बाटली कितीही खुणावो, आतल्या अंधाऱ्या फळीवरची उचली.

बेल्जममधल्या मठवासी साधूंची गोष्ट निराळी. त्यांची गडद, कडक शिमे बाटलीत भरल्यावरही आतले यीस्ट जिवंत असते. ती नासत नाही, मुरते. एक ताक, तर दुसरे लोणचे! परगावी निघालेल्या मुलाच्या पिशवीत आई बरणी कशाची घालते, हे का सांगायला हवे?

परदेशी राहणाऱ्या माणसाचेही तसेच. माझे कितीतरी हट्ट तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात आंबले. बोलायला कोणी नसल्यामुळे मराठी मात्र आतल्या आत मुरत राहिली. तिच्या बाटलीवर तारीख नव्हती, एवढे खरे.