आधी जागा आणि वेळ, मग वेग

गतीचा धडा शिकवायला घेतला की अंतर, विस्थापन, चाल, वेग आणि त्वरण या पाच राशींच्या व्याख्या फळ्यावर येतात, त्यांच्या पाठोपाठ गतीची तीन समीकरणे येतात आणि लगेच उदाहरणे सुरू होतात. मुले समीकरणे पाठ करतात, किमती भरून उत्तरे काढतात, गुणही मिळवतात. हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. हलत्या वस्तूबद्दल आपण मुळात दोनच गोष्टी टिपतो: ती कुठे आहे आणि तेव्हा घड्याळ काय दाखवते आहे. वेग आणि त्वरण या नोंदींवरून हिशेबाने काढाव्या लागतात. ज्याने कधी रोजकीर्द लिहिली नाही त्याच्या हाती एकदम ताळेबंद दिला तर त्यातले आकडे तो वाचेल, पण ते कुठून आले हे त्याला सांगता येणार नाही. गतीच्या समीकरणांबाबत आपल्या विद्यार्थ्यांचे नेमके हेच होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या सिएटलचा आहे. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी विद्यार्थ्यांना वेग कितपत कळला आहे याचा बारकाईने अभ्यास केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. शेजारशेजारच्या दोन मार्गांवर दोन गोळ्या सोडल्या जातात. एक एकसारख्या वेगाने जाते. दुसरी मागून जोरात येते, पहिलीला ओलांडते, मग तिचा वेग मंदावत जातो आणि पहिली गोळी पुन्हा तिच्या पुढे निघते. दोघींचा वेग कधी सारखा होता, असे विचारल्यावर बऱ्याच विद्यार्थ्यांनी त्या एकमेकींशेजारी आल्या तो क्षण दाखवला. खरे तर त्या क्षणी एक दुसरीला मागे टाकत असते, म्हणजे वेग सारखा असूच शकत नाही. तो सारखा होतो दोन ओलांडण्यांच्या मधे, जेव्हा दोघींतले अंतर सर्वांत जास्त असते. चुकणारे विद्यार्थी महाविद्यालयातले होते आणि वेगाची व्याख्या त्यांना येत होती. जागा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र व्याख्येने त्यांना शिकवले नव्हते.

विद्यार्थ्यांना यात कमी लेखण्यासारखे काही नाही, कारण ही वाट खुद्द गॅलिलिओलाही सोपी गेली नाही. १६०४ साली पाओलो सार्पीला लिहिलेल्या पत्रात, पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने धरले होते. तो वेळेच्या प्रमाणात वाढतो, हा योग्य निष्कर्ष १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात सविस्तर आला. मधल्या काळात त्याने उतरत्या खाचेतून गोळ्या सोडल्या आणि भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून वेळ मोजली. सेकंद दाखवणारे भरवशाचे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते. मीटरला सेकंदाने भागून वेग काढायचा, हे आज आपण सहावी-सातवीतल्या मुलाकडून सहज अपेक्षितो. गॅलिलिओ मात्र अंतराचे अंतराशी आणि वेळेचे वेळेशी गुणोत्तर मांडत राहिला, कारण भिन्न जातीच्या राशींचा भागाकार त्याच्या गणिताला मान्य नव्हता. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. तोही मोजणीच्या गरजेतून. चंद्र आकाशात दिवसाला सुमारे १२ ते १५ अंश सरकतो आणि ही गती सतत बदलते. त्यामुळे तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसभराची सरासरी पुरत नाही. ‘या क्षणीची गती’ ही कल्पना नोंद आणि गणित जमेना तेव्हाच सुचली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

वर्गात याची सुरुवात करायला खाच असलेली दोनेक मीटरची सरळ पट्टी आणि एक गोटी पुरते. पट्टीचे एक टोक काही सेंटीमीटर उचलून, गोटी वरून सोडल्यापासून चार सेकंदांत तळाशी पोचेल असा उतार ठेवावा. दर सेकंदाच्या ठोक्याला ती कुठे आहे त्याच्या खुणा करायच्या. समजा वरच्या टोकापासून ०, १०, ४०, ९०, १६० सेंटीमीटर असे आकडे मिळाले. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केली की १०, ३०, ५०, ७० मिळतात. त्यांची पुन्हा वजाबाकी केली की २०, २०, २०. पहिली वजाबाकी म्हणजे त्या त्या सेकंदातला सरासरी वेग, दुसरी म्हणजे त्वरण. सूत्राचे नाव न घेता वेग आणि त्वरण दोन्ही हाती आले, आणि त्वरण वेगापासून एक पायरी दूर आहे हेही दिसले. आता विचारावे, दुसऱ्या सेकंदाच्या ठोक्याला गोटीचा वेग किती? बहुतेकांचा हात ४०ला २ने भागण्याकडे जातो आणि उत्तर येते २०. तक्ता सांगतो की त्या ठोक्याच्या आधीच्या सेकंदात वेग सरासरी ३० होता आणि नंतरच्या सेकंदात ५०. मग ठोक्याला तो २० कसा असेल? तो ४०च्या आसपास हवा. क्षण आणि कालावधी यांतला फरक इथे मुलाला स्वतःच्याच आकड्यांशी वाद घालून कळतो. तसा तो कुठल्याही व्याख्येने कळत नाही.

आता तीच गोटी खालून वर ढकलावी. तळापासून मोजलेल्या जागा आदर्शपणे ०, ७०, १२०, १५०, १६०, १५०, १२० अशा येतील. वजाबाक्या ७०, ५०, ३०, १०, उणे १०, उणे ३०. दुसऱ्या वजाबाक्या सगळीकडे उणे २०, गोटी अगदी वर पोचून मागे वळते तिथेही. ‘वर पोचल्यावर वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य’ ही पदवीपर्यंत टिकून राहणारी गैरसमजूत या एका रांगेपुढे उभी राहत नाही. उणे चिन्हालाही इथे अर्थ येतो, कारण दिशा कुठली धन मानायची हे मुलांनीच ठरवलेले असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की खऱ्या प्रयोगात आकडे इतके गोंडस येत नाहीत. बरोबर आहे, आणि त्यातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक खूण अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते असे धरले, तर पहिल्या वजाबाकीत चूक एक सेंटीमीटरपर्यंत जाते आणि दुसरीत दोनपर्यंत. म्हणजे १६०ची नोंद जवळजवळ अचूक असूनही २०च्या त्वरणात दहा टक्क्यांची शंका राहते. वेळेचा कालावधी लहान करत गेलो तर? गोटी सेकंदाला ४० सेंटीमीटर जात असेल तर शंभराव्या भागात ती ०.४ सेंटीमीटर सरकेल, आणि हे सरकणे आपल्या खुणेतल्या चुकीपेक्षाही कमी आहे. अकरावीत कालावधी शून्याकडे नेऊन जो क्षणिक वेग शिकवतात तो पट्टीवर सापडत नाही. बिंदूंमधून काढलेल्या गुळगुळीत वक्राच्या उतारातून तो बुद्धीने काढावा लागतो. सीमेची व्याख्या आधी आणि मोजणी नंतर, असा आग्रह धरणाऱ्या गणितप्रेमी शिक्षकांना माझे उत्तर हेच आहे. ही अडचण ज्याच्या हाताने अनुभवली त्यालाच सीमा कशासाठी लागते हे कळते.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: स्पीडोमीटर आणि क्रिकेटच्या मैदानावरची रडार गन वेग थेट दाखवतात, मग तो काढावा लागतो असे का म्हणायचे? स्पीडोमीटर चाकाचे फिरणे ठराविक वेळेशी जोडतो. रडार परावर्तित लहरींच्या वारंवारतेतला बदल मोजते, आणि वारंवारता म्हणजे ठराविक वेळेतल्या आंदोलनांची संख्या. कुठेतरी कालावधी लपलेला असतोच, फक्त यंत्राने हिशेब आपल्या आधी केलेला असतो. शिवाय पडद्यावर ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर, असा आकडा झळकतो तो चेंडू हातून सुटतानाचा. टप्पा घेऊन फलंदाजापर्यंत येताना तो मंदावलेला असतो. हा वेग कुठला आणि कधीचा, हा प्रश्न यंत्र विचारत नाही. तो विचारायची सवय लावणे शिक्षकाच्या हातात आहे.

उरतो वेळ आणि साहित्याचा प्रश्न. शिक्षकांची ही अडचण खरी आहे, अभ्यासक्रम तुडुंब असतो. पण या मोजणीला दोन-तीन तास पुरतात आणि तीन समीकरणांपैकी पहिली दोन मुलांना त्या तक्त्यातूनच काढता येतात, त्यामुळे ती वेगळी शिकवावी लागत नाहीत. साहित्य तर घरचेच. सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे टिपणारा मोबाइल हाताशी असेल तर उत्तम. तो नसेल तर पट्टीभोवती १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटरवर बारीक रबरबँड ताणून बसवावेत आणि गोटी सोडावी. प्रत्येक रबरावरून जाताना ‘टक्’ होते. रबर योग्य जागी असतील तर ठेका सम पडतो, एखादे थोडेही सरकले तर कानाला लगेच खटकते. गॅलिलिओने असेच काही केले असावे, असे तर्कशुद्ध अनुमान त्याच्या टिपणांचा अभ्यास करणाऱ्या स्टिलमन ड्रेक यांनी १९७५ मध्ये मांडले होते. गॅलिलिओचे वडील संगीतज्ञ होते आणि तो स्वतः ल्यूट वाजवत असे. तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या आपल्या मुलांचे कान या कामाला मुळीच कमी पडणार नाहीत. परीक्षेतही ‘किमती भरा’ असा एखादा प्रश्न कमी करून सात-आठ जागा-वेळांचा तक्ता द्यावा, आकड्यांत थोडी खरी चूक ठेवावी, आणि तिसऱ्या सेकंदाला वेग किती व तो किती खात्रीने सांगता येईल, असे विचारावे.