शब्द घ्या, चित्र द्या

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाच्या शब्दांना बाजारात भाव असतो, हे घनसावंगीत आजवर कुणी मानले नव्हते. इथे कापसाला भाव असतो, मोसंबीला असतो. कधी कधी दोघांनाही नसतो. शब्दांचे मात्र कुणी नावही काढीत नाही. त्यामुळे माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, चार नेमके शब्द द्या. पैसे मिळतील," तेव्हा मला मोठी मौज वाटली.

कॉलेज सोडल्यावर या मुलाने चित्रांचा धंदा आरंभला आहे. धंदा चित्रांचा, पण घरात कुंचला नाही की रंगाची वाटी नाही. तो एआयला शब्दांनी सांगतो आणि एआय चित्र काढून देते. लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाचे फलक, मोसंबीच्या पेटीवरचे चित्र, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामे त्याच्याकडे येतात. एका कामाचे दोनशे, कधी तीनशे रुपये पडतात. प्रारंभी त्याने 'घरबसल्या महिना पन्नास हजार' मिळविण्याची विद्या शिकविणाऱ्या एका वर्गाची फीही भरली होती. त्या वर्गात घरबसल्या पैसे मिळाले, ते शिकविणाऱ्याला!

या यंत्राची रीत ऐकण्यासारखी आहे. कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्याखालच्या ओळी त्याला आधी दाखविलेल्या असतात. कोणत्या शब्दापाठीमागे कोणता आकार येतो, हे ते त्यावरून शिकते. आपण शब्द दिले, की नुसत्या ठिपक्यांच्या धुरळ्यापासून ते सुरुवात करते; धुरळा हळूहळू निवळतो आणि चित्र वर येते. पण ज्याने जे फार पाहिले, तेच तो फार काढणार. नुसते 'नवरी' म्हणावे, तर लेहंग्यातली नवरी हजर होते. नऊवारी म्हणावे, तर काष्टा गायब. मुंडावळ्या मागितल्या, तर डोक्यावर फुलांचा मुकुट! मग मी बसून एकेक शब्द उलगडून दिला : कपाळावर बांधलेल्या, दोन्ही कानशिलांवरून गालांपर्यंत उतरणाऱ्या मोत्यांच्या सरी. तासाभराच्या खटपटीनंतर आमच्या मुलखातली म्हणता येईल अशी नवरी एकदाची पडद्यावर उभी राहिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या मुलाची कमाई यंत्रात नाहीच. यंत्र काय, ज्याच्या त्याच्या खिशात आहे. मुंडावळ्या कशा बांधतात हे त्याला धड ठाऊक नाही, म्हणून गिऱ्हाईक या मुलाकडे येते.

यंत्राने चित्रकाराच्या पोटावर पाय दिला, असे कुणी म्हणेल. ते खोटे नाही. पण यंत्र काही आजच आलेले नाही. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. छापखाना पुढे श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, तरी लोक त्या चित्रांना रविवर्म्याचीच म्हणत राहिले. दिवाळी अंकांचेच पाहा ना! दलालांचे मुखपृष्ठ कोणते आणि मुळगावकरांचे कोणते, हे दुकानात लांबूनच ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. छापण्याचे काम यंत्राचे असे. पण पाठीमागे एक हात असे आणि त्या हाताला नाव असे.

आता पंचाईत आहे ती त्या नावाचीच. २०२२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जत्रेत एका गृहस्थाच्या एआय-चित्राला पहिले बक्षीस मिळाले. ते चित्र साधण्यासाठी निदान ६२४ वेळा शब्द फिरवून पाहिल्याचे त्याने सांगितले. तरीही २०२३ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने त्या चित्राची नोंद नाकारली. यंत्राने केलेला भाग माणसाची निर्मिती नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

हा प्रश्न अमेरिकेतून आमच्या गावात यायला फार वेळ लागला नाही. एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाला नवी पाटी हवी होती, आणि अक्षरे हवी होती आमच्या पेंटरमामांसारखी. मामांचे वय झालेले. एके काळी गावातली निम्मी दुकाने त्यांच्या हातची होती. फ्लेक्स आला आणि त्यांचे डबे वाळले. मुलाने मामांच्या एका जुन्या पाटीचा फोटो यंत्राला दाखविला. अक्षरे तयार! पण तो माझ्याकडे आला तो जरा ओशाळूनच. "सर, याचे पैसे माझेच ना?"

"ते मामांना विचार," मी म्हटले आणि त्याच्याबरोबर गेलो.

मामांनी मोबाईल लांब धरून पाहिला. पैशांविषयी ते काही बोललेच नाहीत. "सर, हा 'घ' माझा नाही. माझ्या 'घ'चं पोट असं दबलेलं नसतं. आणि 'केंद्र'मधला 'द्र' तर मोडलाच आहे." बोलता बोलता त्यांनी कागद मागितला, कोनाड्यातला कुंचला पाण्यात भिजविला आणि शाईने सारी ओळ लिहून काढली. रेघ क्षणभर थरथरे आणि वळणावर आली की सरळ होई. मुलगा टक लावून पाहत होता. शब्द माझ्यापाशी होते, यंत्र त्याच्यापाशी होते. पण त्या वळणापुढे आम्ही दोघेही गप्प होतो.

पाटीवर शेते आणि बैलजोडी यंत्राची आहे, अक्षरे मामांची. तीनशे रुपयांतले दीडशे मुलाने त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी मोजून घेतले आणि म्हणाले, "कोपऱ्यात माझी सही राहू दे. पूर्वी असायची."

त्या कागदाचा फोटो आता मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. त्यावरून हवी तितकी अक्षरे मामांना न विचारता काढता येतील, हे मामांनाही कळते. म्हणून निघताना त्यांनी त्याला बजावले, "पोरा, दर पाटीला अक्षर निराळं बसवावं लागतं. जागा पाहून. पुढल्या वेळी आधी ये, मग मोबाईल काढ."

सप्ताहाच्या फलकासाठी तो आधी गेला. मामांनी त्याला निम्मे नव्हे, दोनशे रुपये सांगितले. त्याने दिले.